स्ट्रोकनंतर चाल का बदलते, हात का आखडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रोक (पक्षाघाताचा झटका) होऊन गेल्यावर पेशंट आणि घरचे जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एका जागी लिहिलेत. औषधांचे डोस वगैरे इथे मिळणार नाहीत, ते डॉक्टरांनाच विचारा, इथे फक्त हात, पाय आणि चालणं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. स्ट्रोकचे तीन पेशंट लांबून बघितले तर तिघं सारखेच लंगडताना दिसतात, पण एकाचा घोटा उचलला जात नसतो, दुसऱ्याचा गुडघा वाकत नसतो आणि तिसऱ्याला आपला पाय नक्की कुठे आहे तेच कळत नसतं, मग तिघांना एकच व्यायाम देऊन कसं चालेल? त्यामुळे "चाल सुधारायला कुठला व्यायाम चांगला" या प्रश्नाला खरं तर उत्तरच नाही, आधी काय अडतंय ते शोधायचं.

स्ट्रोक डाव्या मेंदूत आणि गेला उजवा हात-पाय, असं उलटं का?

मेंदूतून हात-पायांकडे हुकूम नेणारे जे तंतू आहेत त्यातले बहुतेक मेंदूच्या देठाच्या अगदी खालच्या टोकाला बाजू बदलतात आणि मग मणक्यातून खाली उतरतात, म्हणून. अपवाद लहान मेंदूचा. तिथे स्ट्रोक झाला तर त्रास त्याच बाजूला होतो आणि तो ताकद जाण्याचा नसतो, तोल आणि नेम जाण्याचा असतो, माणूस पाय फाकवून दारू प्यायल्यासारखा चालतो. आणि हो, ज्याला आपण चांगली बाजू म्हणतो ती पण पूर्ण चांगली नसते, बारीक काम दिलं की तो हातसुद्धा थोडा संथ आणि अडखळत चालतो. पेशंट हे सांगतो तेव्हा त्याला वेड्यात काढू नका.

बाबांचा पाय बराच सुधारला पण हात तसाच आहे, असं का?

हा बहुतेक सगळ्यांचाच अनुभव असतो. मेंदूच्या मधल्या धमनीत अडथळा येण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आणि ही धमनी हात आणि चेहरा सांभाळणाऱ्या भागाला रक्त देते, पायाचा भाग मेंदूच्या आतल्या बाजूला असतो आणि त्याचं रक्त पुढच्या धमनीतून येतं. म्हणजे हाताला मुळात मारच जास्त बसलेला असतो. दुसरं कारण असं की पायाकडून आपली अपेक्षा कमी असते, पाय नुसता काठीसारखा ताठ राहिला तरी त्यावर वजन टाकून माणूस कसाबसा चालतो, पण हात नुसता ताठ राहून शर्टाचं बटण लागत नाही. बोटं एकेकटी हलवायची तर मेंदूपासूनचा थेट रस्ता शाबूत लागतो, चालण्याची लय मात्र बरीचशी मणक्यातली आणि मेंदूच्या देठातली सर्किट्स सांभाळतात.

याच्या उलट, पाय जास्त गेलेला आणि हात बरा, असंही दिसतं, तेव्हा स्ट्रोक पुढच्या धमनीचा असू शकतो. आणि कधी कधी एमआरआयवर जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा ठिपका दिसतो पण चेहरा, हात, पाय तिन्ही गेलेले असतात, कारण मेंदूच्या आत खोलवर एक अरुंद जागा आहे जिथून हे सगळे तंतू एकमेकांना चिकटून खाली जातात. ठिपका लहान म्हणजे त्रास लहान असं नसतं.

सुरुवातीला हात-पाय एकदम लुळे होते, आता कडक व्हायला लागलेत. हे चांगलं की वाईट?

दोन्ही नाही, तो पुढचा टप्पा आहे. आधी लुळेपणा, मग कडकपणा, मग सगळं एकत्र हलणं आणि त्यानंतर सुट्या सुट्या हालचाली, हा क्रम १९५१ मध्ये ट्विचेल या डॉक्टरांनी पेशंट बघून लिहून ठेवला आणि पुढे ब्रुनस्ट्रॉम या फिजिओ बाईंनी त्याचे टप्पे पाडले, फिजिओच्या फाइलमध्ये "ब्रुनस्ट्रॉम स्टेज ३" वगैरे दिसतं ते हेच. प्रत्येक जण सगळे टप्पे पार करतोच असं नाही, मधेच कुठेतरी थांबतात, आणि काहींना कडकपणा येतच नाही.

कडक झालं म्हणजे ताकद आली असं मात्र समजू नका. फरक घरीच बघता येतो. पेशंटचं कोपर अगदी सावकाश सरळ करा, बऱ्यापैकी सरळ होईल. आता तेच जरा झटक्यात करा, मधेच एका ठिकाणी हात अडकल्यासारखा होतो आणि मग सुटतो. वेग वाढला की विरोध वाढतो, ही खरी स्पॅस्टिसिटी. सावकाश केलं तरी एका जागेच्या पुढे जातच नसेल तर स्नायू आणि सांधाच आखडलाय, त्याचा उपाय वेगळा आणि त्याला वेळ पण जास्त लागतो. झटका एकदाच, तोही कोपराला, आणि दुखत असेल तर अजिबात नाही. खांद्यावर हा प्रयोग करू नका.

हात छातीशी वाकून येतो पण पाय ताठ, हे एकाच माणसात कसं?

मेंदूचा वरचा ताबा सुटला की खालचे जुने रस्ते जास्त जोरात काम करायला लागतात आणि त्यांचा कल ठरलेला असतो, हातात वाकवणारे स्नायू आणि पायात सरळ ठेवणारे. म्हणून कोपर वाकलेलं, मनगट खाली, मूठ आवळलेली, अंगठा कधी मुठीच्या आत, आणि पायात गुडघा सरळ, टाच वर, तळवा आतल्या बाजूला वळलेला.

एक बोट हलवायला सांगितलं तर अख्खा हात वर येतो, मुद्दाम करतायत का?

नाही हो, मुद्दाम कोण करेल. सुट्या हालचाली करायचा रस्ता तुटलेला असतो म्हणून हुकूम एका बोटाला न जाता पूर्ण गठ्ठ्याला जातो, खांदा उचलला की कोपर वाकतं आणि बोटं मिटतात. जितका जोर लावाल तितकं हे वाढतं. म्हणून "अजून जोर लावा" असं ओरडून काही होत नाही, उलट हाताचं वजन टेबलावर टेकवून, खांदा सैल ठेवून, कमी जोरात प्रयत्न केला तर बोट कधी कधी सुटं हलतं.

जांभई आली की लुळा हात आपोआप वर उठतो, हे काय आहे?

हे बघून घरचे एकदम खूश होतात. जांभईचा रस्ता वेगळा आहे, तो मनाने दिलेल्या हुकुमाचा रस्ता नाही, त्यामुळे तो हात वर उठणं म्हणजे हात परत आला असा अर्थ होत नाही, वाईट पण काही नाही. शिंक, खोकला, घाईघाईत उभं राहणं, यातही हात असाच वाकतो.

चालताना पाय गोल फिरवून का टाकतात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि उत्तरही सगळ्यात गुंतागुंतीचं आहे, जरा निवांत वाचा.

पाय पुढे टाकताना तो थोडा वेळ आखूड व्हावा लागतो, नाहीतर जमिनीला घासेल. तब्येत चांगली असते तेव्हा खुबा वाकतो, गुडघा साधारण ६० अंशांपर्यंत वाकतो, चवडा वर उचलला जातो आणि इतकं सगळं करूनही बोटं जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. म्हणजे चुकायला जागाच नाही. स्ट्रोकनंतर यातली एक गोष्ट जरी कमी पडली तरी पाय लांबच्या लांब राहतो आणि मग शरीर आपोआप दुसरा मार्ग काढतं, पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवतं, किंवा कंबर वर उचलतं, किंवा चांगल्या पायाच्या चवड्यावर चढून उंची वाढवतं. यातलं कुठलंच पेशंटने ठरवून केलेलं नसतं, म्हणून "गोल फिरवू नका, सरळ टाका" हे दिवसभर ऐकवणं सोडून द्या, पाय सरळ टाकला तर तो अडकून पडेल.

आता खरा प्रश्न, कमी काय पडतंय. चवडा उचलत नसेल तर बसल्या बसल्या टाच जमिनीवर ठेवून पुढचा पंजा वर करायला सांगा, लगेच कळेल. पंजा नीट उचलला जातोय पण तरी पाय फिरतोय, मग बहुतेक गुडघा वाकत नाहीये, मांडीचा पुढचा स्नायू सोडायच्या वेळी सोडत नाही. आणि तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, पोटरी. पाऊल उचलायच्या आधी पोटरी मागून जो धक्का देते त्यानेच गुडघा सैल होऊन वाकायला सुरुवात होते, तो धक्काच नसेल तर पुढचं सगळं बिघडतं. तिघांचे उपाय वेगळे.

एक साधी गोष्ट करून बघा, पेशंटचे रोजचे बूट उलटे करून तळ बघा. अशक्त बाजूचा बूट पुढच्या टोकाला झिजलाय का, का बाहेरच्या कडेला? टोक झिजलं असेल तर पाय पुढे येताना घासतोय. बाहेरची कड झिजली असेल तर पाय टेकताना तळवा आत वळतोय आणि घोटा मुरगळायचा धोका आहे. पुढच्या वेळी फिजिओकडे जाताना ते बूट घालून जा, नवे घालून जाऊ नका.

उभं राहिलं की गुडघा मागे जातो, नी कॅप घेऊ का?

थांबा जरा. गुडघा मागे जातो पण कारण बरेचदा घोट्यात असतं. पोटरी आखडलेली असली की नडगी पुढे जातच नाही, पाय जमिनीवर टेकला की सगळा धक्का गुडघ्याला मागे ढकलतो. कधी मांडी अशक्त असते म्हणून पेशंट गुडघा मागे लॉक करून उभा राहतो, नाहीतर तो वाकून पडेल अशी भीती असते, आणि कधी सांध्याची जाणीवच गेलेली असते. बाजारातली कापडी नी कॅप यातलं काहीच थांबवत नाही. घोट्याची नीट कोनात बसवलेली स्प्लिंट बरेचदा गुडघ्याचा प्रश्न सोडवते, ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. दुर्लक्ष मात्र करू नका, वर्षानुवर्षं गुडघा मागे जात राहिला तर मागचे लिगामेंट ताणले जातात आणि दुखणं कायमचं मागे लागतं.

चांगल्या पायाचं पाऊलच छोटं पडतं, हे कसं काय?

नीट बघितलंत तर! बऱ्याच पेशंटमध्ये असंच असतं. चांगला पाय पुढे टाकायचा तर तेवढा वेळ अख्खं वजन अशक्त पायावर पेलावं लागतं. नॉर्मल चालीत प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो, स्ट्रोकनंतर अशक्त पायावरचा वेळ कमी होतो आणि चांगला पाय घाईघाईत जवळच टेकतो. कान देऊन ऐकलं तरी कळतं, पावलांचा आवाज एकसारख्या अंतराने येत नाही. म्हणून नुसता पाय उचलायचा व्यायाम करून चाल सुधारत नाही, अशक्त पायावर उभं राहायचा सराव लागतो, म्हणजे चांगला पाय एका बुटक्या पायरीवर ठेवायचा आणि खाली घ्यायचा, आधाराला धरून, परत परत.

फिजिओ स्टॉपवॉच लावून चालण्याचा वेग मोजतात, त्याने काय कळतं?

बरंच काही. दहा मीटर अंतर किती सेकंदात, एवढंच मोजायचं. १९९५ मध्ये पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या पेशंटचे गट पाडले ते आजही वापरतात, सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे माणूस घरातल्या घरात चालू शकतो, ०.४ ते ०.८ म्हणजे बाहेर थोडंफार, आणि ०.८ च्या वर म्हणजे बाहेर बऱ्यापैकी मोकळेपणाने. दहा मीटरला २५ सेकंद लागले तर वेग ०.४, साडेबारा लागले तर ०.८. तब्येतीने ठीक असलेली माणसं साधारण १.२ ते १.४ च्या आसपास चालतात. घरच्यांना रोज बघून सुधारणा दिसत नाही, आकड्यात दिसते, म्हणून महिन्यातून एकदा मोजून लिहून ठेवा.

इतकंसं चालून इतकं का दमतात?

कारण तेवढंच अंतर चालायला त्यांना खूप जास्त शक्ती लागते, कंबर उचला, पाय फिरवा, तोल सांभाळा, शिवाय आधी पडून राहिल्यामुळे दम कमी झालेला असतोच. त्यात स्ट्रोकनंतरचा एक वेगळाच थकवा असतो जो आराम करून जात नाही. आळस म्हणू नका.

चालताना बोललं की एकदम थांबतात.

आपलं चालणं आपोआप होतं, त्यांचं आता विचार करून होतं, एका वेळी दोन कामं मेंदूला झेपत नाहीत. सुरुवातीच्या काळात चालताना गप्पा मारू नका, मागून हाक तर अजिबात मारू नका. नंतर फिजिओ मुद्दाम बोलत चालायचा सराव घेतात, तेव्हा घ्यायचा.

ताकद तर आहे म्हणतात डॉक्टर, मग उभंच का राहता येत नाही?

ताकद हा एकच भाग झाला. पायाची जाणीव गेली असेल तर डोळे मिटले की पाय कुठे आहे ते कळत नाही, असे पेशंट सारखे खाली बघून चालतात आणि अंधारात पडतात. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये बरेचदा डावी बाजू लक्षातच येत नाही, ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटतो, आणि हा डोळ्यांचा दोष नसतो. काही जण तर चांगल्या हाताने स्वतःला अशक्त बाजूकडे ढकलतात, सरळ करायला गेलं की अजून जोरात ढकलतात, कारण त्यांच्या मेंदूला तिरकं हेच सरळ वाटतंय. अशा वेळी ओढाताण करू नका, समोर दाराची चौकट किंवा उभा खांब दाखवून "याच्या रेषेत या" म्हटलं तर फरक पडतो. हा ढकलण्याचा त्रास बहुतेकांचा काही महिन्यांत कमी होतो, म्हणजे धीर धरायला हरकत नाही.

किती दिवसांत चालायला लागतील?

तारीख कोणी देऊ शकत नाही, देत असेल तर सावध राहा. अंदाज सांगता येतो. सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. कोपनहेगनमधल्या १९९५ च्या मोठ्या अभ्यासात बहुतेक पेशंट चालण्यात जिथे पोचायचे होते तिथे पहिल्या ११ आठवड्यांत पोचले, जगलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश शेवटी कोणाच्या आधाराशिवाय चालत होते. ज्यांचा स्ट्रोक सौम्य त्यांचं लवकर, ज्यांचा गंभीर त्यांचं उशिरा.

हाताचा अंदाज जरा लवकर येतो. नेदरलँडमधल्या २०१० च्या अभ्यासात असं दिसलं की दुसऱ्या दिवशी ज्याला बोटं थोडी तरी उघडता येतात आणि खांदा बाजूला थोडा तरी उचलता येतो, त्याचा हात सहा महिन्यांनी काही ना काही कामाचा असण्याची शक्यता ९८ टक्के, आणि दोन्ही जमत नसेल तर २५ टक्के. २५ म्हणजे शून्य नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि "सहा महिने झाले, आता काही होणार नाही" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. सुधारणेचा वेग कमी होतो हे खरं, पण कमी होणं आणि थांबणं यात फरक आहे, सहा महिन्यांनंतर नीट सराव सुरू केलेल्यांची चालसुद्धा सुधारलेली अभ्यासात दिसलीय. बरेचदा सुधारणा थांबत नाही, व्यायाम थांबलेला असतो.

मग पहिल्याच दिवसापासून जोरात चालवलं तर?

नाही. हे तपासून झालंय. २०१५ मध्ये दोन हजारांवर पेशंटचा आवर्ट नावाचा अभ्यास आला, २४ तासांच्या आत लवकर आणि वारंवार उठवून चालवलेल्या गटाचे निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा थोडे वाईटच निघाले. पहिल्या दिवशी थोडं, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. कूस बदलणं, हात नीट उशीवर ठेवणं, हे मात्र पहिल्या तासापासून.

रोज किती व्यायाम करायचा? स्मायली बॉल दाबतोय.

बॉल बाजूला ठेवा, निदान मूठ आवळलेली असेल तर. दाबायचे स्नायू आधीच जास्त काम करतायत, अडचण हात उघडायची आहे. बॉल दाबायला देणं सोपं असतं म्हणून सगळे देतात, एवढंच. त्यापेक्षा टेबलावर ग्लास ठेवा, तो धरायला हात उघडा, धरा, थोडा पुढे ठेवा, सोडा. सोडणं हे धरण्यापेक्षा अवघड असतं, तिथे जास्त वेळ द्या.

किती, तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडात फिजिओ आणि ओटीच्या (रोजची कामं परत शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट) सेशनमध्ये बसून मोजलं तर हाताच्या कामाच्या हालचाली एका सेशनला सरासरी फक्त ३२ निघाल्या, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगात मेंदू बदलायला रोज शेकड्यांनी आवृत्त्या लागल्या होत्या. म्हणजे सेशनपुरता व्यायाम करून भागत नाही, दिवसभरात थोडा थोडा विखरून करायला लागतो आणि जे काम जमवायचंय त्याचाच सराव करायला लागतो, चालायचं असेल तर चालूनच. खुर्चीतून उठणं-बसणं हा तर माझा सगळ्यात आवडता, काही सामान लागत नाही. फक्त उठताना दोन्ही पाय कुठे आहेत ते बघा. पेशंट नकळत चांगला पाय मागे घेतो आणि अशक्त पाय पुढे सोडून देतो, मग सगळं काम चांगलाच पाय करतो. अशक्त पाय थोडा मागे घेऊन उठायला लावा, लगेच मांडी थरथरायला लागेल, म्हणजे ती कामाला लागली.

चांगला हात बांधून ठेवायचा म्हणे?

बांधून नाही, जाड हातमोजा घालून. स्ट्रोकनंतर अशक्त हाताने प्रयत्न केला, जमलं नाही, चांगल्या हाताने पटकन झालं, असं शंभर वेळा झालं की मेंदू त्या हाताला विसरूनच जातो, मग थोडी हालचाल परत आली तरी वापरली जात नाही. हे तोडायला चांगल्या हाताला जागेपणीचा ९० टक्के वेळ हातमोजा आणि अशक्त हाताकडून रोज तासन्‌तास काम, असं दोन आठवडे. २००६ च्या एक्साइट अभ्यासात स्ट्रोक होऊन ३ ते ९ महिने झालेल्या २२२ जणांवर हे करून बघितलं आणि हात सुधारला, फायदा वर्षभराने पण टिकून होता. अट अशी की मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता आली पाहिजेत. हात पूर्ण लुळा असेल तर याने फक्त चिडचिड होईल. आणि हातमोजा घालून चालायला जाऊ नका, तोल गेला तर पकडणार कशाने?

आरशाची थेरपी खरी आहे का?

आहे. आरसा मधे उभा ठेवून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचे, अशक्त हात हलतोय असं दिसतं. स्वस्त, सोपी, थोडा फायदा होतो. दुसऱ्या व्यायामाच्या जोडीला करा, त्याऐवजी नको.

काठी कुठल्या हातात? जिन्यावर कुठला पाय आधी?

काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अशक्त पाय आधी. सोबत करणाऱ्याने चढताना एक पायरी खाली आणि उतरतानाही पुढे खालच्याच बाजूला राहायचं. काठीची उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत. चार पायांची काठी जास्त आधार देते पण चारही पाय टेकल्याशिवाय वजन टाकायचं नाही, घाईत दोनच टेकतात आणि माणूस कलंडतो. दोन्ही हातांनी धरायचा वॉकर बहुतेकांना जमत नाही कारण एक हात धरतच नाही.

पायाची प्लास्टिक स्प्लिंट लावली तर पाय आळशी होईल ना?

ही भीती खूप जणांना असते आणि त्यापायी लोक महिनोन्‌महिने चवडा घासत, पडत-झडत चालतात. स्प्लिंटने पाय अडकत नाही, चाल जरा वेगात होते, म्हणजे माणूस जास्त चालतो, आणि चालण्याचा सराव हाच तर व्यायाम. व्यायामाच्या वेळी काढून ठेवा हवं तर. पायाच्या नसेला बारीक करंट देऊन चवडा उचलणारी मशीनही असतात, काहींना त्या आवडतात, निकाल साधारण स्प्लिंटएवढेच येतात. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ती टोचतेय, बदलून घ्या, पेशंटला जाणीव नसेल तर तो सांगणार नाही.

उठवताना हात धरून ओढतो, चालेल ना?

अजिबात नाही. खांद्याचा सांधा बराचसा स्नायूंच्या जोरावर जागेवर असतो, स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो, वरून खांद्याखाली बोटभर खाच लागते. त्यात काखेत हात घालून किंवा हात ओढून उठवलं की खांदेदुखी ठरलेलीच, आणि खांदा दुखायला लागला की पेशंट हाताचा व्यायामच बंद करतो. कंबरेला पट्टा बांधा आणि तो धरा, किंवा पाठीमागून कंबरेला धरा. बसताना हात उशीवर, लोंबकळत नाही. ही सूचना घरातल्या प्रत्येकाला द्या, पाहुण्यांना पण.

बोटॉक्स, गोळ्या, मालिश, रोबोट यातलं काय घेऊ?

बोटॉक्सच्या इंजेक्शनने कडकपणा कमी होतो, परिणाम एक-दोन आठवड्यांत दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. पण त्याने ताकद येत नाही, त्या तीन महिन्यांत ताणायचा आणि हलवायचा व्यायाम केला तरच पैसे वसूल. सावध अशासाठी की काही जण पायाच्या कडकपणावरच उभे असतात, तो काढला तर गुडघा वाकून खाली बसतील. बॅक्लोफेनसारख्या कडकपणा कमी करणाऱ्या गोळ्या सगळ्या अंगावर काम करतात, झोप येते, आणि त्या स्वतःहून एकदम बंद करायच्या नाहीत.

फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीचा किस्सा सांगण्यासारखा आहे. २०११ मध्ये फ्रान्समधल्या छोट्या अभ्यासात त्याने हात-पाय जास्त सुधारलेले दिसले, सगळीकडे आशा वाढली, मग २०१९ मध्ये तीन हजारांवर पेशंटच्या अभ्यासात रोजच्या कामात काही फरक दिसला नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र जास्त निघालं. डिप्रेशन असेल तर डॉक्टर देतील, ती गोष्ट वेगळी, ताकदीसाठी मागू नका.

मालिश केल्याने बरं वाटतं, नसा जाग्या होत नाहीत. गरम पाण्याची पिशवी लावत असाल तर जपून, जाणीव नसलेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही.

ट्रेडमिलवर दोऱ्यांनी लटकवून चालवतात ते चांगलं आहे पण २०११ च्या लीप्स अभ्यासात ४०८ पेशंटमध्ये वर्षाच्या शेवटी ते घरी फिजिओबरोबर केलेल्या ताकद आणि तोलाच्या व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही. महागडी मशीन जवळपास नाही म्हणून रडत बसू नका.

सारखी पडायची भीती वाटते.

भीती रास्त आहे, स्ट्रोकनंतर पडण्याचं प्रमाण जास्तच असतं आणि बहुतेक वेळा अशक्त बाजूवर पडतात, त्याच बाजूचं हाड वापर नसल्यामुळे ठिसूळ झालेलं असतं. पण भीतीने बसवून ठेवलं तर पाय अजून अशक्त होतो. सरळ चालताना कमी पडतात, वळताना, उठता-बसताना आणि रात्री बाथरूमला जाताना जास्त. म्हणून वळताना जागेवर गर्रकन फिरायचं नाही, छोट्या छोट्या पावलांनी मोठं वळण घ्यायचं. सैल पायपोस काढून टाका, रात्री दिवा चालू ठेवा, मागून पकड असलेले बूट घाला, सपाता नकोत.

चांगली सुधारलेली चाल अचानक बिघडली तर?

काही मिनिटांत बिघडली, किंवा चेहरा वाकडा, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, तर झोपून बघू, सकाळी बघू असं करायचं नाही, लगेच स्ट्रोकची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तार घालून गुठळी काढायची प्रोसिजर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करतात, पण जितका उशीर तितका फायदा कमी. पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहून घ्या, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

एक-दोन दिवसांत हळूहळू बिघडली असेल तर ताप, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, नवीन सुरू केलेली गोळी, अशी कारणं असू शकतात, यात जुनाच अशक्तपणा परत वर येतो आणि मूळ कारण बरं झालं की बरेचदा जातो, पण हे घरी ठरवायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. अशक्त पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, तर चोळू नका, त्यात गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर. आणि सूज असताना एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी.